वेचणीच्या दिवसांत तुमच्याकडे रविवारची उपासना किती वाजता असते?

वाइंडिंगवाला

सर्वांना सलाम. प्रश्न छोटा आहे, पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय समजणार नाही.

आमचं गाव पांढरकवड्यापासून आत, काळ्या जमिनीचं. आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्चची सभासद घरं, लहान. १७ घरं, नोंदीत ७३ नावं, त्यातली वीसेक पुण्या-नागपुरात. माझा धंदा मोटार वाइंडिंगचा आणि मंडळीचा सेक्रेटरीही मीच. दर रविवारी किती जण आले, अर्पण किती जमलं, हे वहीत लिहायचं काम आजोबांपासून आमच्याच घरात आहे. त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या आधी मला दिसतं ते असं: ऑगस्टमध्ये ४६, ४४, ४८. पोळ्यानंतरही ४५. सोयाबीन सोंगणीला थोडे कमी झाले. मग कापसाची वेचणी लागली आणि २९, २२, १४. मागच्या रविवारी ११. त्या अकरांत मी, माझी आई, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) आणि शब्बाथशाळेची, म्हणजे रविवारच्या बायबल-वर्गाची, चार पोरं धरा. उरले किती?

बाकी सगळे वावरात. वेचाई किलोवर असते, यंदा आमच्याकडे किलोला १० रुपये चालू आहे. हात चालणारी बाई दिवसाला ४०-५० किलो वेचते. म्हणजे रविवार पाळला की ४००-५०० रुपये गेले. एवढ्यावर भागत नाही. रविवारी आली नाही तर सोमवारी मुकादम बाई ऑटोत तिची जागा दुसरीला देते. आणि हे दिवस मोजकेच. उलंगवाडी झाली, म्हणजे वेचणी संपली, की मग रिकामे हात.

पाळकसाहेबांकडे तीन गावं. आमच्याकडे १० वाजता, पुढच्या गावी १ वाजता, तिसऱ्या गावी ४ वाजता, सगळं मोटारसायकलवर. त्यामुळे दहाची वेळ हलवायची म्हणजे तिन्ही गावांचं गणित हलतं.

मंडळीच्या पंचांच्या बैठकीत तीन गोष्टी निघाल्या. एक, पहाटे साडेपाचला उपासना. दोन, बुधवारी, कारण बुधवारी आमचा बाजार आणि त्या दिवशी मजुरी बंद असते. तीन, रविवारीच पण संध्याकाळी सातला. बुधवारचं लगेच पडलं. बाजाराच्या दिवशी हप्त्याचा चुकारा हातात येतो आणि संध्याकाळपर्यंत आमच्यातले काही भाऊ कोणत्या अवस्थेत असतात ते इथे लिहीत नाही. संध्याकाळच्या विरोधात दोन मुद्दे आले. एक वाघाचा. २०१८ मध्ये टी-१ वाघीण मारली जाईपर्यंत पांढरकवडा-राळेगाव भागात दिवस मावळल्यावर कोणी घराबाहेर पाय टाकत नव्हतं. ती भीती अजून अंगात आहे. दुसरा मुद्दा लाइनचा, म्हणजे विजेचा. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री-फेज आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते. पुरुष मंडळी तेव्हा वावरात.

आणि मंडळीतले एक म्हातारे, आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. वय ८१, सगळ्यांत वयस्कर. ते म्हणाले, “आठवड्याचा पहिला दिवस, दहाची घंटा. माझ्या बाप्तिस्म्यापासून तीच आहे. आता कापसासाठी देवाले थांबवता काय बाप्पा?” त्यांना उलटून बोलायची हिंमत कोणाचीच नाही, कारण त्यांच्या घरवालीनं जन्मभर मजुरी केली पण रविवारी कधी वावराचं तोंड पाहिलं नाही. हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मी हे लिहून राहिलो त्याचं खरं कारण वेगळं आहे. परवा मंडळीतली एक बहीण दुकानावर आली. भावाची मोटार जळाली होती, ती न्यायला. पैसे मोजताना तिची बोटं पाहिली, बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा सोलून निघालेल्या. जाता जाता विचारते, “भाऊ, मी नसली की वहीत माझ्या नावापुढे काय लिहिता?” मी म्हटलं, गैरहजर. ती म्हणाली, “वावरात लिहा ना.”

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. तुमच्या गावी काय करता, सांगा.

निवृत्त_पाळक

सेक्रेटरी भाऊ, सलाम. तुमच्या बाबांना माझा विशेष सलाम सांगा. त्यांचं म्हणणं खोडायला मी हे लिहीत नाही.

पण दहाची घंटा शास्त्रातली नाही. ती मिशनच्या काळातली आहे आणि मिशनमधले लोक शेतमजूर नव्हते. पहिल्या शतकांत रविवार हा कामाचाच दिवस होता. मंडळीत गुलाम होते, हमाल होते, त्यांना सुट्टी कोण देणार? रोमचा एक सुभेदार होता प्लिनी. त्यानं सुमारे ११२ साली बादशहाला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोकांचा दिनक्रम आला आहे. ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, पांगतात, आणि नंतर जेवायला पुन्हा एकत्र येतात. म्हणजे कामाच्या आधी आणि कामाच्या नंतर. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०, काढून पाहा. त्रोवस शहरात आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, म्हणजे रविवारीच, जमले होते, पण रात्री. दिवे लागलेले होते आणि प्रेषित पौलाचा संदेश, म्हणजे प्रवचन, मध्यरात्रीपर्यंत चालला. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मी पाळक असताना हा भाग वाचला की मंडळीतले भाऊ माझ्याकडे बघून हसायचे.

रविवारच्या सुट्टीचा हुकूम निघाला इ.स. ३२१ मध्ये, कॉन्स्टंटाईन बादशहाचा. आणि बाबांना हे मुद्दाम सांगा की त्या हुकमात न्यायाधीशांना आणि शहरातल्या कारागिरांना कामबंदी होती, पण शेतकऱ्याला सूट होती. कारण काय दिलं? पेरणीला किंवा द्राक्षवेल लावायला पुन्हा तसा दिवस मिळेलच असं नाही. खुद्द बादशहालाही वावराची घाई समजली होती.

आमची सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिकवणारी संस्था, १९८३ मध्ये पुण्याला गेली. त्याआधी ती यवतमाळलाच होती. मी तिथे शिकत असताना आम्ही रविवारी सायकली घेऊन खेड्यांत जायचो. एकदा वेचणीच्या दिवसांत चर्च रिकामं दिसलं म्हणून दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत धुऱ्यावरच्या निंबाखाली वीस मिनिटांची उपासना घेतली. फार बरं वाटलं होतं. आज मात्र हे करू नका असंच सांगेन. वावर मालकाचं, वेळ मजुरीची, आणि सोबत वेचणाऱ्या बायांनी तुमची उपासना मागितलेली नसते. त्यांची भाकरीची वेळ त्यांची आहे.

पाळकीणबाई_अचलपूर

पहाटे साडेपाचचा ठराव मांडणारे भाऊ स्वतः किती वाजता उठतात, हे आधी वहीत लिहा म्हणते मी!

वेचणीला जाणारी बाई चारला उठते. पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, एक डबा स्वतःचा, एक नवऱ्याचा, पोरांचं वेगळं, शेण आवरायचं. कापसावरचं दव उतरल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही हे खरं, म्हणून पुरुषांना वाटतं की सकाळी वेळ असते. ती वेळ चुलीपुढे जाते, भाऊ. साडेपाचला चर्चमध्ये तुम्ही पाच जण पुरुष असाल आणि पुन्हा म्हणाल, बाया काही येत नाहीत.

आम्ही तीन वर्षं झाली रविवारी संध्याकाळी ठेवतो, नोव्हेंबर ते जानेवारी. पहिल्या वर्षी फसलं. सातला बोलावलं तर बाई घरी पोचते साडेसहाला, तिला स्वयंपाक करायचा असतो, ती कशी येईल? दुसऱ्या वर्षी तरुण संघाच्या पोरांना कामाला लावलं. चर्चच्या मागे चूल मांडतात, मोठ्या गंजात भात आणि आलू-वांग्याचा रस्सा. तांदूळ घरटी अर्पणातून. उपासना पाऊण तास, जेवण, घरी. घरी जाऊन चूल पेटवायची नाही म्हटल्यावर बाया आल्या. सोबत सासूलाही घेऊन आल्या. पहिल्या रविवारी पोरांनी रस्स्यात मीठ दोनदा टाकलं, तरी कोणी काही बोललं नाही. आयतं ताट समोर आलं होतं!

आणि एक. बायांना हातपाय धुवायला कोमट पाणी ठेवा. चर्चमध्ये मातीच्या पायानं यायला त्या लाजतात.

कोरडवाहू

राजेहो, मी ख्रिस्ती नाही. कास्तकार आहे, १२ एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. धागा दिसला म्हणून वाचला. मालकाची बाजू सांगतो.

रविवार आम्ही मुद्दाम धरत नाही. बाजाराचा दिवस सोडून सहा दिवस वेचणी चालते, त्यात रविवार येतोच. शिवाय रविवारी शाळेला सुट्टी, मोठ्या पोरी आईसोबत येतात, म्हणून टोळी मोठी होते. पण माझ्या मते तुमची अडचण रविवार नाही, काटा आहे.

वेचणी चार-साडेचारला थांबते. मग प्रत्येकीचं गाठोडं झाडाला टांगलेल्या एकाच काट्यावर मोजायचं, वहीत लिहायचं, कापूस बंडीत भरायचा. वीस बाया असल्या तर शेवटचीचा नंबर लागेपर्यंत अंधार पडतो. मालक उशिरा आला तर आणखी उशीर. आणि मालक उशिराच येतो, मीही येतो, खोटं कशाला बोलू. तुम्ही मुकादम बाईशी आणि दोन-तीन मालकांशी बोला. म्हणा, रविवारी काटा चारला लावा, आमच्या बाया आधी मोजा. अर्धा तास लवकर मोजल्यानं कोणाचं नुकसान नाही. बायांनाही आवडेल, ख्रिस्ती असो की नसो.

हिंजवडीवरून

दादा, व्हॉट्सॲप ग्रुपवर लाइव्ह का नाही करत? आम्ही इथे पुण्यात तसंच करतो. वावरात बसून मोबाईलवर ऐकता येईल.

वाइंडिंगवाला

बेटा, आमच्या गावात रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते. आणि दोन्ही हातांनी कापूस वेचणाऱ्या बाईनं मोबाईल कुठे धरायचा?

पाळकीणबाई, तुमचा मेसेज घरी वाचून दाखवला. आई म्हणाली, ही बाई आपल्याकडे पाळकीण म्हणून का आली नाही. कोरडवाहू भाऊ, काट्याचं आम्हा कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. उद्या मुकादम बाईला भेटतो.

स्पष्टवक्ता

एक विचारू का? संध्याकाळी गावात भजन, वर मोफत जेवण. उद्या कोणी म्हटलं की जेवणाच्या आमिषानं लोक ओढता, तर काय सांगाल?

वाइंडिंगवाला

विचारलं ते बरं केलं. आमच्या बैठकीत हे पहिल्या पाच मिनिटांतच निघालं होतं.

जेवण मंडळीच्या लोकांचं, मंडळीच्या तांदळाचं. भोंगा लावणार नाही. पोलीस पाटलांना आणि सरपंचांना आधीच सांगून ठेवलं आहे. पोलीस पाटील म्हणाले, सहाच्या सुमारास गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते, ती होऊ द्या, मग तुमचं सुरू करा. ते करावंच लागणार, कारण पेटी वाजवणारा पोरगा दोन्हीकडे एकच आहे! आमच्या नाताळच्या गाण्यांची चाल त्याला आमच्या पोरांपेक्षा बरी येते.

आणि गावासोबतचं आमचं नातं जेवणाचं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, आठवत असेल. त्या ऑक्टोबरमध्ये आमच्या गावातलेही दोघं सरकारी दवाखान्यात होते, एकाला दहा दिवस डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. पराटी (कपाशीची झाडं) डोक्याच्या वर गेलेली आणि माणसं अर्ध्या बाहीच्या बनियनवर फवारत होती. आमच्या महिला मंडळानं ठरवलं, पूर्ण बाहीचे सदरे शिवायचे. कापड कुठून आणायचं? घरोघरच्या जुन्या चादरी काढल्या. चार मशिनी चर्चमध्ये आणून ठेवल्या आणि पंधरा दिवसांत साठेक सदरे झाले. मग एका डॉक्टरांनी सांगितलं की नुसतं सुती कापड औषधानं भिजलं की अंगालाच चिकटून राहतं, ते आणखी वाईट. तेव्हा खताच्या पोत्यातलं आतलं प्लॅस्टिक धुऊन, कापून पुढून-मागून बांधायचे पट्टे केले. फवारणारा प्रत्येक माणूस घेऊन गेला, कोणत्या मोहल्ल्यातला हे कोणी विचारलं नाही. त्या वर्षी आमच्या शिवारात लांबून पाहिलं तर गुलाबाच्या आणि मोराच्या चादरी पंप पाठीवर घेऊन फिरताना दिसायच्या. पोरं हसायची. त्यातला एकही माणूस त्यामुळे चर्चमध्ये आला नाही. मुकादम बाईचा नवरा त्यांच्यातलाच एक, मोराचा सदरा. हे मी तिला भेटायला गेलो तेव्हा तिनेच काढलं.

स्पष्टवक्ता

ठीक आहे. समजलं.

पाळकीणबाई_अचलपूर

सेक्रेटरी भाऊ, मग ठरलं काय? आणि तुमचा प्रथमफळाचा सण, म्हणजे पिकातलं पहिलं देवाला अर्पण करायचा, कधी असतो? आमच्याकडे तो जानेवारीच्या शेवटी घेतो, वेचणी उरकल्यावर. तेव्हाच सगळी घरं असतात आणि अर्पणात आलेल्या वस्तूंच्या लिलावात बोली लागते. मागच्या वर्षी एका कोहळ्यासाठी दोन व्याही इतके पेटले की तो ९०० रुपयांना गेला. मग दोघांनी अर्धा अर्धा वाटून घेतला.

वाइंडिंगवाला

तीन रविवार झाले, आता सांगण्यासारखं आहे.

मुकादम बाई पहिल्या वाक्याला तयार झाली. मालकांपैकी दोघे हो म्हणाले, एक म्हणाला पाहू. रविवारी काटा चारला लागतो, म्हणजे खरं म्हणजे साडेचारला लागतो, पण आमच्या बाया सहाच्या आत घरी पोचतात. उपासना सातला. पाळकसाहेबांनी बाकीची दोन गावं सकाळ-दुपारवर घेतली आणि आमच्याकडे शेवटी येतात. रात्री अठरा किलोमीटर परत जाऊ देत नाही, वाटेत रोही (नीलगायी) आडवे येतात. आमच्याच घरी झोपतात. त्यामुळे सोमवारी सकाळी घरभेटीही होऊ लागल्या, ते ठरवलेलंही नव्हतं.

पहिल्या रविवारी १९ आले. मला वाटलं, फसलं. रस्सा करपला होता. दुसऱ्या रविवारी ३१, तिसऱ्या रविवारी ३८. रात्रीच्या लाइनवाल्या हप्त्यात पुरुष कमी असतात, ते तसंच चालणार. पाळकसाहेबांना संदेश पंधरा मिनिटांत आवरायला सांगितलं आहे, वीसवर थांबतात. तरी दोन बहिणी भिंतीला टेकून झोपल्याच. एकीच्या केसांत कापसाचा पुंजका तसाच अडकलेला. पाळकसाहेबांनी आवाज कमी केला आणि बोलत राहिले.

वहीत आता तीन रकाने आखले. सकाळ, संध्याकाळ, वावरात. त्या बहिणीला दाखवलं. म्हणाली, अक्षर सुधारा.

बाबा संध्याकाळी आले नाहीत. दहाची घंटा ते अजूनही वाजवतात. त्यांच्यासोबत मी, आई आणि शब्बाथशाळेची पोरं असतो. पाळक नसतात, म्हणून बाबाच एक गीत आणि एक अध्याय घेतात. ३२१ सालच्या हुकमाचं त्यांना सांगितलं. म्हणाले, बादशहाचं मला काय सांगतो. मी गप्प बसलो.

काल सकाळी त्यांनी बायबलातलं रूथचं पुस्तक काढलं, दुसरा अध्याय, बवाजाच्या शेतात ती सरवा वेचते तो भाग. संध्याकाळपर्यंत ती वेचत होती आणि मग तिनं ते झोडलं, असं आहे तिथे. वाचून झाल्यावर चष्मा काढला, पुसला, आणि खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, “हिचाही काटा उशिराच लागत असन.”

दुपारी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, बाबा, संध्याकाळी मोटारसायकल पाठवू का तुम्हाला घ्यायला? म्हणाले, मोटारसायकल नको, माझ्या टॉर्चचे सेल संपले आहेत, ते दोन आणून दे.